तीन इमारतींमधली हिरवळ: लॉन काढलं, मग काय लावलं

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीचं हे प्रकरण आहे. सोसायटीचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. तीन इमारती आणि त्यांच्यामधली साधारण ४,००० चौरस फुटांची बाग. बिल्डरने ताबा देताना तिथे 'मेक्सिकन' लॉनच्या चटया अंथरून दिल्या होत्या. पहिली दोन वर्षं बाग देखणी होती, पण मी मार्च २०२३ मध्ये पाहायला गेले तेव्हा तिची पार रया गेली होती. मध्यभागी पिवळी टकलं, उत्तरेच्या इमारतीमागे शेवाळं धरलेली उघडी माती, आणि उरलेल्या जागेत लव्हाळा, म्हणजे गाठींपासून फुटणारं चिवट तण.

माझं काम बागांचा सल्ला देण्याचं. सोसायटीच्या समितीचा निरोप होता, "लॉन बदलून द्या. जास्त पाणी न लागणारं काहीतरी हवं." या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्या वेगळ्या करण्यातच आमचा पहिला महिना गेला.

सोसायटीला पाणी तीन वाटांनी येत होतं: पालिकेचं, बोअरवेलचं आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचं. बागेला प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्यायची सोय होती, पण उन्हाळ्यात तेही पुरत नसे आणि मग बोअरवेल चालू व्हायची. लोकांचा राग त्यावर होता. घरात नळाला पाणी नाही आणि बागेत फवारे उडताहेत, हे रोज खिडकीतून दिसत होतं.

अडचण नेमकी काय होती

समितीच्या बैठकीत मी फळ्यावर एक साधा हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. बाग ३७० चौरस मीटरच्या आसपास. भर उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर रोज ५ मिलिमीटर तरी पाणी हवं, म्हणजे दिवसाला जवळजवळ १,८५० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर पाच-साडेपाच दिवसांत संपणार. हा हिशेब लिहून झाल्यावर लॉन परत लावावं असं म्हणणारे निम्मे लोक गप्प झाले.

पण पाणी ही एकच अडचण नव्हती. मेक्सिकन काय, आपली हरळी काय, या गवतांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं. तीन उंच इमारतींमध्ये तेवढं ऊन सगळीकडे पोचतच नव्हतं. बागेच्या एका टोकाला मोठा वर्षावृक्ष आहे. त्याच्याखाली तर ऊन कमी, आणि जमिनीत वरच्या वरच पसरलेली मुळं. तिथे वर्षातून दोनदा नव्या चटया आणून अंथरल्या जात होत्या आणि दरवेळी त्या जळून जात होत्या. एवढी वर्षं सोसायटी सावलीला गवत उगवायला लावत होती.

तिसरी गोष्ट माळीकाकांनी दाखवली. ते बार्शीकडचे, वय साठीच्या पुढे, या बागेत पहिल्या दिवसापासून. त्यांनी खुरप्याने एक वीतभर खड्डा केला आणि आतून विटांचे तुकडे, सिमेंटचे ढेकळ, फरशीचे कपचे बाहेर काढले. "ताई, वर चार बोटं लाल माती आहे. खाली सगळा राडारोडा." मी ते पाहिलं, वहीत टिपलं, आणि पुढे विसरले. त्या विसरण्याची किंमत पुढे आली आहे.

कोणते पर्याय समोर होते

सगळ्यात जास्त हात कृत्रिम हिरवळीसाठी वर झाले. पाणी नको, कापणी नको. मी ठाम विरोध केला. प्लॅस्टिकच्या गवताचा पृष्ठभाग भर उन्हात ६० अंशांच्या वर जाऊ शकतो. मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यावर अनवाणी खेळणार होती. शिवाय काही वर्षांनी त्याचे धागे तुटून मातीत मिसळतात आणि मग ते वेचून काढता येत नाहीत. एका आजींनी वेगळाच मुद्दा काढला: प्लॅस्टिकवर पाऊस पडला की वास येत नाही. पहिल्या सरीचा मातीचा वास बागेत यावा, असं त्यांना वाटत होतं. माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा सभेला ते जास्त पटलं असावं.

पेव्हर ब्लॉक बसवा, असंही काहींचं म्हणणं होतं. तो पर्याय लवकर बाद झाला, कारण फरशी झाली की वर्षभरात तिथे गाड्या लागतील ही भीती सगळ्यांना होती. बोअरवेल त्याच आवारात असल्याने पाणी जिरायला उघडी जमीन हवी, हेही पटलं.

वेडेलियाचा पर्याय मात्र बराच काळ टिकून होता. पिवळ्या फुलांचा, चकाकत्या पानांचा हा वेल पुण्यात रस्त्यांच्या दुभाजकात सर्रास दिसतो. एका सदस्यांच्या ओळखीतून तो फुकट मिळणार होता. लावला की झपाट्याने पसरतो, पाण्याची फारशी तक्रार नाही. मी नको म्हटलं. हा वेल मध्य अमेरिका-कॅरिबियन भागातला; जगातल्या सगळ्यात घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. सोसायटीच्या मागे ओढा आहे. छाटलेली फांदी ओढ्यात गेली तरी ती काठाला मूळ धरते. आपल्याकडचा पिवळा माका त्याचा चुलतभाऊ, ओलसर जागी राहणारा. वेडेलिया अशाच जागा बळकावतो. शिवाय वेडेलियावर चालता येत नाही आणि तो गुडघ्यापर्यंत दाट झाला की आत काय आहे ते दिसत नाही. सापांची भीती असणाऱ्या सदस्यांना हे कारण सर्वात जवळचं वाटलं.

शेवटी उरला तो मिश्र पर्याय: जागेप्रमाणे झाड. ऐकायला सोपा, करायला किचकट, आणि सुरुवातीला सगळ्यात महाग.

लावण्याआधीचं पाहणं

मी समितीकडे दोन आठवडे मागून घेतले आणि फक्त पाहिलं. सकाळी साडेसात, दुपारी बारा आणि संध्याकाळी साडेपाच या वेळांना बागेचा नकाशा घेऊन सावली कुठे आहे ते पेन्सिलीने भरत गेले. सोबत पाऊलवाटा. बी इमारतीतून मागच्या फाटकाकडे जाणारे लोक बागेतून तिरके जात होते. बांधलेली वाट काटकोनात वळत होती आणि तिच्यावर कुणी चालत नव्हतं. तिरकी वाट पायांनी घासून टणक झाली होती. तिथे कोणतंही झाड लावलं असतं तरी मेलंच असतं, म्हणून त्या वाटेवर एक-एक पाऊल अंतराने शहाबादी फरशीचे तुकडे बसवायचं ठरलं. पूर्ण कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्विवाद यशस्वी झालेली गोष्ट हीच.

पाहणीतून बागेचे पाच तुकडे पडले. मुलांचा खेळाचा कोपरा ९०० चौरस फूट. मधला उन्हाचा पट्टा १,३०० चौरस फूट. इथे लोक फिरतात, संध्याकाळी बसतात, पण पळत नाहीत. कुंपणाकडचा पश्चिमेचा उतार ५०० चौरस फूट. इथे कुणी जात नाही. वर्षावृक्षाखालचे ६०० चौरस फूट. आणि उत्तरेच्या इमारतीमागची सावलीची पट्टी ७०० चौरस फूट, जिच्या एका टोकाला एसीचं पाणी सतत ठिबकत होतं.

कुठे काय निवडलं, आणि का

खेळाच्या कोपऱ्यात गवतच ठेवलं. क्रिकेट खेळणाऱ्या बारा पोरांच्या पायाखाली टिकणारं पसरट झाड मला माहीत नाही. फक्त मेक्सिकनऐवजी हरळी घेतली, म्हणजे आपली दूर्वाच. ती पाण्याअभावी पिवळी पडते, पण जमिनीखालच्या काड्यांमध्ये जिवंत राहते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. उन्हाळ्यात ती पिवळी दिसणार, हे समितीकडून आधीच लेखी मान्य करून घेतलं.

उन्हाच्या पट्ट्यासाठी मी जलपिंपळी सुचवली. काही जण तिला रतोलिया म्हणतात, नर्सरीत 'लिपिया' म्हणून मागावी लागते. शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. जमिनीलगत सरपटते, पेरापेराला मुळं सोडते, बोटाच्या पेराएवढी फिकट जांभळी-पांढरी फुलं येतात. मी कुंडीत आणलेला नमुना माळीकाकांनी हातात घेतला आणि हसले. "ही तर आमच्या ओढ्याच्या कडेला असते. पोरं गुरं राखताना हिच्यावरच बसतात." पुढच्या वेळी गावाहून येताना त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्या काड्या आणल्या. त्यातून आणि नर्सरीच्या थोड्या रोपांतून आम्ही एप्रिल-मेमध्ये सोसायटीच्या गच्चीवरच रोपं वाढवली. वीस सेंटिमीटरवर एक धरलं तर चौरस मीटरला २५ आणि पूर्ण पट्ट्याला सुमारे ३,००० रोपं लागणार होती. एवढी विकत घ्यावी लागली असती तर हा पर्याय सभेत मंजूरच झाला नसता.

उतारावर अरॅकिस, म्हणजे शोभेचा वेलभुईमूग. मूळचा ब्राझीलचा, शेंगवर्गीय, मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र जमिनीत आणणारा, पिवळ्या फुलांचा. मुळं माती धरून ठेवतात.

वर्षावृक्षाखाली ओफिओपोगॉन, ज्याला नर्सरीवाले मंकी ग्रास म्हणतात. दिसायला गवतासारखं, पण गवत नव्हे. सावली सोसतं, कापावं लागत नाही, मात्र वाढतं फार हळू. उत्तरेच्या पट्टीत जांभळट पानांचं हेमिग्राफिस, आणि एसीच्या पाण्याच्या टोकाला मंडूकपर्णी.

मंडूकपर्णीवरून एक वाद झाला आणि तो सांगायला हवा. बाजारात हीच वनस्पती अनेकदा ब्राह्मी म्हणून विकली जाते. ती लावणार हे कळल्यावर दोन-तीन घरांतून चटणीची, तेलाची चर्चा सुरू झाली. बागेला जाणारं पाणी प्रक्रिया केलेलं सांडपाणी होतं. जमिनीला चिकटून वाढणारी पानं त्या पाण्यात भिजणार, आणि ती कच्ची खायची हे मला मान्य नव्हतं. लावायचीच नाही, की लावून पाटी लावायची? आम्ही पाटी लावली: "शोभेसाठी. खाण्यासाठी तोडू नये. बागेला सांडपाणी दिले जाते." ज्यांना हवी होती त्यांना मी कुंडीत लावायला काड्या दिल्या, घरच्या पाण्यावर वाढवा म्हणून.

लागवड, आणि घाईचा निर्णय

इथे या प्रकरणातला सर्वात मोठा चुकीचा निर्णय झाला. तो माझा होता.

जुनं लॉन मेच्या सुरुवातीला खरवडून काढलं. खाली लव्हाळा किती आहे हे तेव्हा कळलं. त्याच्या काळ्या गाठी, ज्यांना आपण नागरमोथा म्हणून ओळखतो, एकमेकींना धाग्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. साखळी अखंड असते तोवर पुढची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात. कुदळीने साखळी तोडली की प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे फुटतो. जमीन जोरात खणली की लव्हाळा वाढतो, याचं कारण हेच. मे महिन्यात पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून जमीन तापवली तर वरच्या थरातलं तणाचं बरंचसं बी मरतं, पण खोलवरच्या गाठींना त्याची झळ फारशी लागत नाही. तणनाशक मारायला मी तयार नव्हते, कारण त्याच जागेत मुलं आणि कुत्री वावरणार होती.

योग्य उपाय कंटाळवाणा आहे. उघड्या जमिनीला पाणी द्यायचं, लव्हाळा फुटू द्यायचा, तीन-चार पानांवर आला की दाताळ्याने माती सैल करून गाठीसकट उपटायचा. पुन्हा पाणी, पुन्हा उपटणं. असं तीनदा, प्रत्येक वेळी दोन-तीन आठवड्यांनी. गाठींमधला साठा संपत जातो. हे करायचं तर लागवड ऑगस्टच्या आसपास गेली असती.

समितीला बाग गणपतीपर्यंत हिरवी हवी होती. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. "एवढा खर्च केला आणि गणपतीला उघडी माती दाखवायची का?" हा प्रश्न रास्त होता. मी तडजोड केली: उपटण्याची एकच फेरी आणि पाऊस येताच लागवड. पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि आम्ही पुढच्या दहा दिवसांत सगळं लावून टाकलं.

जुलैच्या मध्यावर मधल्या पट्ट्यात जलपिंपळीपेक्षा लव्हाळा उंच होता. पुढचे चार महिने दोन बायका आठवड्यातून तीन दिवस खुरपणीला येत होत्या. त्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात नव्हता. रोपांच्या खर्चाहून मजुरी जास्त झाली. माझ्या अंदाजपत्रकात 'निंदणी: महिन्यातून दोनदा' असं लिहिलेलं होतं आणि ते वाक्य समितीच्या खजिनदारांनी मला वाचून दाखवलं. त्यांना उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

उताराची कथा

उतारावर पहिली लागवड जवळजवळ सगळी वाया गेली. जुलैतल्या एका रात्री जोराच्या सरी आल्या आणि सकाळी अरॅकिसची रोपं मातीसकट खाली गटाराच्या जाळीवर गोळा झाली होती. रोपं लावली, पण मूळ धरेपर्यंत मातीला धरायला काही ठेवलं नव्हतं. ऑगस्टमध्ये पुन्हा लावताना आधी उतारावर आडवे गोणपाट अंथरले, बांबूच्या खुंट्यांनी पक्के केले आणि त्यांना चिरा पाडून त्यात रोपं बसवली. गोणपाट साताठ महिन्यांत कुजून मातीत मिसळतं, तोवर मुळं जमतात.

पण २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात १९०१ नंतरचा सर्वात कमी पावसाचा ऑगस्ट तो. भर पावसाळ्यात माळीकाका झारीने उताराला पाणी घालत होते. रोपं जगली, आणि सप्टेंबरमध्ये पिवळी पडली.

सुरुवातीला मी पाणी जास्त झालं असं धरलं. मग नत्र कमी असेल म्हटलं, जे शेंगवर्गीय झाडाला म्हणणं तसं बरोबर नव्हतं. माळीकाका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक फांदी घेऊन आले. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. "ताई, हा भुईमूगच ना? रानात भुईमूग असा पडला की आम्ही हिराकस मारतो." हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाला लोह मिळत नाही आणि तो असाच पिवळा पडतो, हे सोलापूरच्या शेतकऱ्याला पाठ असतं. मी शोभेचं झाड म्हणून पाहत होते, त्यांनी पीक म्हणून पाहिलं.

माती तपासून घेतली. उताराचा सामू (pH) ८.४ आला, म्हणजे माती चुनखडीच्या जमिनीसारखीच अल्कधर्मी. खाली सिमेंटचा राडारोडा होता. मार्चमध्ये काकांनी खड्ड्यातून काढून दाखवलेला तोच. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस, दर दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी फवारणी. तीन फवारण्यांत नवी पानं हिरवी आली. हा उपाय तात्पुरता आहे. माती तीच आहे, त्यामुळे पावसाळ्यात एक-दोनदा फवारावं लागतंच. दोन हंगाम शेणखत आणि वर्षावृक्षाच्या पाल्याचं खत उतारावर पसरल्यावर पिवळेपणा कमी झाला आहे.

सावलीचं गणित चुकलं ते कुठे

मी सावली मार्चमध्ये मोजली होती. उत्तरेची पट्टी तेव्हा दिवसभर सावलीत होती. पण पुण्यात मेच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस आपण शाळेत मुलांना दाखवतो तोच. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. म्हणजे नऊ-साडेनऊ महिने सावलीत राहणारी पट्टी वर्षातल्या सर्वात कडक उन्हाच्या आठवड्यांत उघडी पडते.

मे २०२४ मध्ये हेमिग्राफिसच्या भिंतीलगतच्या तीन ओळी करपल्या. आम्ही शेडनेट बांधलं आणि झाडं वाचली, पण दरवर्षी नेट बांधणं हा काही उपाय नव्हे. त्या तीन ओळींत पुढच्या पावसाळ्यात ऊन-सावली दोन्ही सोसणारं ओफिओपोगॉन लावलं.

याच पट्टीत २०२४ च्या पावसात शंखी गोगलगायी आल्या. नर्सरीच्या पिशव्यांमधून अंडी आली असावीत, असा माझा अंदाज. रात्रीतून पानांची चाळण व्हायची. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी टाकून ठेवायची आणि पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या. सोसायटीतल्या आठवी-नववीच्या मुलांनी हे काम अंगावर घेतलं. पहिल्या आठवड्यात दोन बादल्या भरल्या.

लोकांच्या तक्रारी

पहिली तक्रार मधमाश्यांची. जलपिंपळीला फुलं आली की माश्या येतात. मला त्याचा आनंद, पण अनवाणी खेळणाऱ्या एका मुलीला तळपायाला डंख झाला आणि तिची आई रडकुंडीला आली होती. तो पट्टा काढून टाका, असा ठराव येणार होता. मी दुसरा मार्ग मांडला. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे मुलं जास्त खेळतात तेव्हा, पंधरा दिवसांतून एकदा यंत्राची पाती उंच ठेवून फुलं कापून टाकायची. बाकीचे महिने फुलं राहू द्यायची. मुलीच्या आईने हे मान्य केलं. त्यानंतर डंखाची तक्रार आलेली नाही.

दुसरी गोष्ट मांडवाची. गणपतीचा मांडव वर्षानुवर्षं मधल्या पट्ट्यात पडत असे. पहिल्या वर्षी, नुकत्याच धरलेल्या जलपिंपळीवर ताडपत्री आणि खुर्च्या दहा दिवस राहिल्या आणि खालचा सगळा भाग पांढरा पडला. ती पुन्हा फुटायला दिवाळी उजाडली. २०२४ पासून मांडव खेळाच्या कोपऱ्यात हलवला आहे. हरळी महिन्याभरात सावरते. हे लागवडीच्या आधी विचारायला हवं होतं. मी पाऊलवाटा पाहिल्या, पण सणवार पाहिले नाहीत.

आज काय स्थिती आहे

मधला पट्टा दुसऱ्या पावसाळ्याअखेर पूर्ण झाकला गेला. लव्हाळा गेलेला नाही, पण दाट पसाऱ्यातून मोजकाच वर येतो आणि काकांना महिन्यातून एक दिवस पुरतो. यंत्र पूर्वी आठवड्याला फिरत असे, आता बहुतेक वर्षभर महिन्याला एकदा.

उताराची परीक्षा जुलै २०२४ मध्ये झाली. २५ जुलैच्या पावसाने पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तो दिवस. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. उतारावरची माती जागच्या जागी होती आणि खालच्या जाळीवर फक्त पाला होता.

वर्षावृक्षाखाली अजून फटी आहेत. ओफिओपोगॉन पंधरा सेंटिमीटरवर लावायला हवं होतं. त्याला जवळजवळ अडीच हजार रोपं लागली असती. पैसे वाचवायला आम्ही बावीस सेंटिमीटरवर लावलं आणि निम्म्याहून कमी रोपांत भागवलं. या झाडाच्या वाढीचा वेग पाहता त्या बचतीची भरपाई आणखी दोन वर्षं खुरपणीने करावी लागणार आहे.

पाण्याबद्दल जपून सांगते. बागेच्या नळाला मीटर आम्ही जानेवारी २०२४ मध्ये बसवलं, लागवडीनंतर. त्यामुळे आधी नेमकं किती लागत होतं ते माझ्याकडे नाही आणि इतके टक्के पाणी वाचलं असा दावा मी करणार नाही. पूर्वी उन्हाळ्यात रोज फवारे चालत. आता मधल्या पट्ट्याला आणि उताराला चौथ्या दिवशी खोल पाणी दिलं जातं, सावलीच्या भागांना आठवड्यातून दोनदा, आणि हरळीला एप्रिल-मेमध्ये जगण्यापुरतं. त्या दोन महिन्यांत बागेसाठी बोअरवेल चालवावी लागली नाही, हे मात्र समितीच्या नोंदवहीत आहे.

पुन्हा करायचं झालं तर

माती लागवडीआधी तपासेन, तीही प्रत्येक तुकड्याची वेगळी. उताराचा सामू आधी कळला असता तर तिथे अरॅकिस लावलंच नसतं, जलपिंपळीच खाली उतरवली असती.

लव्हाळ्याच्या तीन फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय एकही रोप लावणार नाही. गणपतीला उघडी जमीन दिसली असती तर तिथे त्या काळापुरता चिनी गुलाब कुंड्यांतून मांडता आला असता. समितीला तो पर्याय मी दिलाच नाही, कारण मला तेव्हा तो सुचला नाही. 'नाही' म्हणताना हातात दुसरं काही असतं तर त्यांनी ऐकलं असतं असं वाटतं.

एकदम चार हजार फूट उघडे करणार नाही. पहिल्या वर्षी मधला पट्टा, दुसऱ्या वर्षी बाकी. पहिल्या तुकड्यातून दुसऱ्यासाठी फुकट काड्या मिळतात आणि खुरपणीला माणसं पुरतात.

सावली मार्चमध्ये आणि मेच्या मध्याला, दोन्ही वेळा मोजेन. मीटर पहिल्या दिवशी बसवेन. आणि बागेचा नकाशा घेऊन बसताना माळ्याला शेजारी बसवेन, रोजंदारीच्या वेळात, त्याचे पैसे धरून. या बागेत जलपिंपळीच्या काड्या, राडारोडा आणि हिराकस या तिन्ही गोष्टी काकांकडून आल्या. त्यातल्या दोन मी वेळेवर ऐकल्या नाहीत.

समोरच्या रस्त्यापलीकडच्या सोसायटीने आता जलपिंपळीच्या काड्या मागितल्या आहेत. काका जूनमध्ये दोन पोती कापून देणार आहेत. त्यांच्याकडेही लव्हाळा आहे. पहिली उपटणी त्यांनी मार्चमध्ये केली, दुसरी एप्रिलमध्ये, आणि तिसरीसाठी जमिनीला पाणी देऊन ठेवलं आहे.